क्रूझवरच्या क्रूला तुम्ही काय खाऊ दिलात? अनुभव सांगा

सातारा, शाहूपुरी

मागच्या डिसेंबरात आम्ही दोघं सिंगापूरला गेलेलो, टूरमध्येच तीन रात्रींची क्रूझ होती. आमच्या केबिनला जो मुलगा होता तो इंडोनेशियाचा, छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि खाली देश लिहिलेला असतो त्यावरून कळलं. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि तिथल्या बाथरूमला चांगला उंच उंबरा असतो, तो ओलांडताना हे कसे भिंतीला धरतात हे त्यानं पहिल्याच दिवशी बघितलं असणार, कारण संध्याकाळी आम्ही परत आलो तर आंघोळीला बसायचं स्टूल आणून ठेवलेलं. आम्ही काही मागितलं नव्हतं. तीन दिवस रोज सकाळी ह्यांना "पापा, नी गुड?" असं विचारायचा.

मी निघताना मोती चौकातनं अर्धा किलो कंदी पेढे घेतले होते, कुणाला तरी द्यायला होतील म्हणून. शेवटच्या सकाळी त्याला द्यायला गेले तर त्याच्या दोन्ही हातात चादरींचे गठ्ठे, आणि आमचा बॉक्स दोरा सोडलेला, त्यातले चार पेढे आम्हीच खाल्लेले. त्यानं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, सॉरी मामा, ओपन फूड घेता येत नाही. मला इतकं चुटपुट लागून राहिलं. पोरानं एवढं केलं आणि आपण नीट विचार करून काही आणलं नाही.

आता मे महिन्यात माझी बहीण, जावई, नात असे सगळे चाललेत, तिनं विचारलं काय नेऊ. म्हणून हा धागा. काय दिलं, कधी दिलं, त्यांनी घेतलं का, ते लिहा. घरातलं कुणी जहाजावर असेल तर त्यांनी तर नक्की लिहा.

कराड

आम्ही मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझनं गोव्याला जाऊन आलो, दोनच रात्री. जेवायला दोन्ही दिवस एकच वेटर, रत्नागिरीकडचा, आमचं बोलणं ऐकून स्वतःच मराठीत सुरू झाला. बॅगेत भडंगाची पाकिटं होती, प्रवासात खायला म्हणून घेतलेली. त्यातली दोन न फोडलेली त्याला दिली तर आधी पाकीट उलटं करून तारीख बघितली आणि मग विचारतो, "लसूण आहे ना यात?" आहे म्हणल्यावर जो खूश झाला, बास.

सांगली, विश्रामबाग

काकू, पेढ्यांचं मनाला लावून घेऊ नका, त्याला खायचेच असणार. मी 2012 ते 2019 जहाजावर होतो, सहा कॉन्ट्रॅक्ट केली. सीडीसी, म्हणजे जहाजावर काम करायला लागतं ते सरकारी पुस्तक, काढली, मुंबईत कोर्स केले आणि पहिल्यांदा लागलो ते गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, भांडी धुवायला, नंतर केबिनला. आता इथं स्वतःचं छोटं हॉटेल आहे. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

सुट्टं किंवा उघडलेलं खाणं पाहुण्याकडनं घ्यायचं नाही हे आम्हाला ट्रेनिंगलाच सांगितलेलं. कारण साधं आहे, एकाचं पोट बिघडलं की खालच्या डेकवर पसरायला वेळ लागत नाही. तिथं दोघादोघांची केबिन, वरखाली बंक, खिडकी नाही, माझी तर पाण्याच्या लेव्हलच्या खाली होती. शिवाय आमच्या केबिनची तपासणी व्हायची, उघडं खाणं सापडलं की बोलणी बसायची. त्यामुळं घरचे लाडू, चिवडा, दुकानातनं किलोवर घेतलेली मिठाई, यातलं काहीच नको. कंपनीचं सीलबंद पाकीट, त्यावर तारीख छापलेली, एवढं बघा म्हणजे कुणी अडवत नाही. दारूची बाटली पण कुणाला देऊ नका, आपण प्रेमानं देतो आणि त्याची नोकरी अडचणीत येते.

वेळेचं तर फार महत्त्वाचं. सगळे शेवटच्या सकाळी देतात आणि आमच्यासाठी तोच सगळ्यात वाईट दिवस. सकाळी जुने पाहुणे उतरणार, दुपारी नवे चढणार, मधल्या तेवढ्या वेळात सगळ्या केबिन करायच्या. माझ्याकडं 18 केबिन होत्या. एरवी पण दिवसातनं दोनदा करायच्या, आठवड्याचे सातही दिवस, सात-आठ महिने सलग, रविवार म्हणून काही नसतं. आंतरराष्ट्रीय नियमानं 24 तासात 10 तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती द्यावी लागते, पण ते 10 तास दोन तुकड्यात दिले तरी चालतात, एक तुकडा सहा तासांचा असला की झालं. म्हणजे सलग झोप किती ते तुम्हीच बघा. म्हणून सांगतो, पहिल्या-दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्या, त्याला जरा उभं राहून बोलता येईल अशा वेळी.

आणि केबिनमध्ये नुसतं ठेवून जाऊ नका हो. चिठ्ठी नसेल तर ते विसरलेलं सामान धरतात आणि आम्हाला जमा करावं लागतं. एक बाई माझ्यासाठी चॉकलेटचा डबा टेबलावर ठेवून गेल्या, आदल्या रात्री त्या बोलल्या पण होत्या, तरी चिठ्ठी नव्हती म्हणून मी तो नेऊन दिला. नाव घालून "हे तुझ्यासाठी" एवढं लिहिलेलं असलं की कुणी विचारलं तर दाखवता येतं.

मला मिळालेल्यातलं अजून आठवतं ते म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीचं पाकीट. पुण्याचे आजी-आजोबा होते, माझा तिसरा महिना चालू होता. मेसमध्ये भात रोज असतो कारण फिलिपिनो, इंडोनेशियन, आपले, सगळेच भात खाणारे. त्या रात्री आम्ही सहा जण एका टेबलावर होतो आणि ती चटणी सहा ताटात फिरली. मनिलाचा माझा रूममेट म्हणाला हे तुमच्याकडं रोज खातात का. पाकीट संपल्यावर मी ते आतनं भाताच्या घासानं पुसून खाल्लं.

अजून एक, यात पैसा जात नाही. शेवटी ईमेलवर फॉर्म येतो, त्यात त्याचं नाव लिहा आणि त्यानं नेमकं काय केलं ते दोन ओळीत लिहा. आमच्याकडं ती नावं डिपार्टमेंटच्या मीटिंगला वाचून दाखवायचे, सुपरवायझर व्हायला त्याचा उपयोग होतो. नुसतं "सर्व्हिस चांगली" लिहिलं तर ते कुणाच्याच खात्यावर पडत नाही.

विटा

दादांनी लिहिलं ते वाचून मला पण एक बोलायचंय. आमच्या ग्रुपमधी काही जणांनी रिसेप्शनला जाऊन बिलातली ग्रॅच्युइटी, म्हणजे क्रूसाठी बिलातच धरलेली टिप, काढून घेतली. अमेरिकन जहाजांवर माणशी दिवसाला 16 ते 20 डॉलर लागतात, चौघांचं आठवड्याचं बघितलं तर आकडा मोठा दिसतो हे मला पण मान्य आहे. पण त्यो पैसा केबिनवाला, वेटर आणि आपल्याला न दिसणाऱ्या माणसांत वाटला जातो. त्यो काढून घ्यायचा आणि पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवून फोटो काढायचा हे मला अजिबात पटलं नाही, मी तिथंच बोललो, एक घर त्यानंतर दोन दिवस आमच्याशी बोललं नाही. खाऊ द्या, जरूर द्या, पण पगाराच्या जागी खाऊ नको.

तासगाव

आमचा मुलगा सिएटलला असतो, त्यानं आम्हाला अलास्काच्या क्रूझला नेलं, जुलै महिना. आमची द्राक्षबाग आहे, बेदाणा घरचाच. पण घरचं उघडं नेऊन चालणार नाही हे मुलानं आधीच बजावलेलं, मग ओळखीच्या कोल्ड स्टोरेजवाल्याकडनं पॅकिंग केलेली 100 ग्रॅमची पाकिटं घेतली, लेबल तारखेसकट, वीस नग. अमेरिकेत उतरताना फॉर्मवर खाण्याचं आहे म्हणून लिहिलं, ऑफिसरनं पाकीट हातात घेऊन बघितलं आणि सोडलं. लपवून नेऊ नका एवढंच सांगतो, सांगितलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड.

बेदाणा यासाठी चांगला की वितळत नाही, जागा खात नाही, शाकाहारी का मांसाहारी हा प्रश्न नाही, खिशात टाकून कामाला जाता येतं. चॉकलेटाचं आमच्या सुनेनं दिलेलं पाकीट गाडीतच मऊ झालेलं.

ग्लेशियर बेमध्ये जहाज हळू चालवतात, सगळे डेकवर थंडीत कुडकुडत बर्फाचे कडे बघत होते आणि एक पोरगी ट्रॉलीवरनं गरम सूप वाटत होती, उघड्या डेकवर, दोन तास तरी. तिला पाकीट दिलं. बिल्ल्यावर देश पेरू लिहिलेला. मी म्हणालो हे माझ्या बागेतलं, मुलानं इंग्रजीत सांगितलं, तर ती म्हणाली माझे वडीलपण द्राक्षबागेत कामाला जातात. पेरूत द्राक्षं पिकतात आणि ती बाहेर देशी जातात हे मला माहीत होतं, बाजारभावात त्यांचं नाव येतं, पण त्या बागेतल्या माणसाची मुलगी अशी समोर भेटेल असं वाटलं नव्हतं. मग तिनं विचारलं तुमच्याकडं छाटणी कधी असते. एप्रिल आणि ऑक्टोबर म्हणून सांगितलं, बोटावर मोजून दाखवलं. मागं सूपला लाईन लागलेली म्हणून थांबलो, नाहीतर अजून बोललो असतो.

वाई

आमची लेक दुसरीत आहे. टॉवेलचं माकड, टॉवेलचं हंस असं रोज रात्री पलंगावर असायचं त्यामुळं ती त्या दादाची वाट बघत बसायची. तिनं वहीच्या कागदावर मेणवलीचा घाट काढला, नाना फडणवीस वाड्याजवळची ती मोठी घंटा काढली आणि खाली "सलामात" लिहिलं, फिलिपिनो भाषेत थँक्यू, मी फोनवर शोधून दिलं. सोबत दोन सीलबंद जेली-चॉकलेटची पाकिटं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला चॉकलेट मित्रांनी संपवलं, ड्रॉइंग माझ्या बंकला चिकटवलंय. त्याला त्याच वयाची मुलगी आहे, सहा महिन्यांनी भेटणार होता. घंटा कसली ते त्यानं विचारलं नाही म्हणून लेकीनं तक्रार केली, मग पुन्हा जाऊन सगळं समजावलं, वसईहून आणलेली पोर्तुगीजांची घंटा वगैरे, त्यानं पण थांबून ऐकलं.

सांगली, विश्रामबाग

ते चिकटवतातच ताई. आमच्या खालच्या मोठ्या कॉरिडॉरला आम्ही आय-95 म्हणायचो, अमेरिकेतल्या हायवेवरनं. सगळं जहाज तिथनंच चालत असतं, सामान, कचरा, माणसं. तिथल्या बोर्डवर लहान मुलांची चित्रं लावलेली असायची.

आणि एक राहिलंच. भांडी घासणारे, लॉन्ड्रीवाले, इंजिनवाले तुम्हाला दिसतच नाहीत. माझं पहिलं कॉन्ट्रॅक्ट तसंच गेलं, आठ महिन्यात एका पण पाहुण्याशी बोललो नाही. तुमच्या वेटरला सांगा की हे आत भांडीवाल्यांना पोचव, तो पोचवतो.

मिरज

माझा मुलगा क्रूझवर आहे म्हणून लिहिते, मी स्वतः कधी जहाजात बसले नाही. 2020 च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामाला कोरोनामुळं डायमंड प्रिन्सेस ही क्रूझ अडकली तेव्हा टीव्हीवर दिवसभर तेच. 3711 माणसं, त्यात 138 भारतीय आणि त्यातले 132 क्रूचे. पाहुणे खोलीत कोंडून होते आणि त्यांच्या दारात जेवण नेऊन देणारी ही पोरं. माझा मुलगा त्या जहाजावर नव्हता, दुसऱ्या होता, पण पुढं त्याचं पण तेच झालं. पाहुणे उतरले, क्रू महिनोनमहिने समुद्रातच. मी मीरासाहेब दर्ग्यात चादर बोलले आणि गणपतीला पण बोलले.

त्यानं त्या वेळी एक सांगितलेलं ते तुम्हाला सांगते. कोण एक म्हातारी बाई उतरताना त्याला सीलबंद आल्याच्या गोळ्यांचं पाकीट आणि हातानं लिहिलेलं कार्ड देऊन गेलेली. अडकलेल्या दिवसात तो रोज एकच गोळी खायचा. पाकीट किती दिवस पुरलं ते तो मला फोनवर मोजून सांगायचा, आज एवढ्या राहिल्या. मला त्या बाईचं नाव माहीत नाही. माझ्या मुलाला कुणीतरी तेवढं दिलं, हे मी विसरणार नाही. तुम्ही जाल तेव्हा द्या, कुणाचं का लेकरू असेना.

सातारा, शाहूपुरी

मिरजच्या ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ फोन बाजूला ठेवून बसले.

बहिणीला सगळं वाचून दाखवलं. पेढेवाल्याकडं जाऊन आले, तो म्हणाला प्लॅस्टिकमध्ये सील मारून देतो, पण खव्याचं आहे, मे महिना आहे, साताऱ्याहून मुंबई, तिथनं विमान, दोन दिवस सिंगापूर फिरणार आणि मग जहाज. पेढा भाजलेला असला तरी मला धीर झाला नाही. मग बेदाण्याची दहा पाकिटं, भडंगाची सहा, शेंगदाण्याची चटणी कंपनीची चार, असं ठरलंय, त्यातली दोन-दोन आत भांडीवाल्यांसाठी वेगळी बांधणार. ग्रॅच्युइटी टूरच्या पैशात धरलीय का ते जावयांनी विचारून घेतलं, धरलीय. नात पाचवीत आहे, ती चिठ्ठ्या लिहिणार, नावाची जागा मोकळी ठेवायची आणि बिल्ला बघून भरायची. इंडोनेशियाच्या लोकांसाठी "तेरिमा कासिह" पाठ करतेय, अजगराएवढं लांब नाव आलं तर काय करू असं विचारत होती.

आणि त्या फॉर्मचं वाचल्यावर मी जुन्या ईमेल शोधल्या. डिसेंबरातला फॉर्म सापडला पण तो आता उघडत नाही, मुदत संपली. म्हणून काल रात्री भाच्याला बसवून क्रूझ कंपनीला साधं ईमेल लिहिलं, त्याचं नाव, आमचा केबिन नंबर, तारीख, आणि ते स्टूल. ह्यांनी खाली स्वतः एक ओळ घालायला लावली, नी इज गुड. उत्तर आलं की इथं टाकते.