मदत हवी आहे: पहिली-दुसरीच्या मुलांसाठी सोपी चित्रं आणि हस्तकला

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग माझ्याकडे आहे. कलाशिक्षक नाही, त्यामुळे कला-कार्यानुभवाचे तासही मीच घेते. वाचन-गणिताचं काही वाटत नाही, पण चित्रकलेच्या तासाला पोटात गोळा येतो. मी फळ्यावर गाय काढली की पोरं विचारतात, "बाई, शेळी का?"

ते एक वेळ चालेल. खरी अडचण अशी की मी जे काढेन ते सगळे जसंच्या तसं उतरवतात. शेळीसकट. आणि 'मनाने काढा' म्हटलं की दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी, नदी, नारळाचं झाड. आमच्या गावाला नदी नाही. डोंगर शाळेच्या मागेच आहे, पण त्याचा माथा कापल्यासारखा सपाट आहे. तसा डोंगर अजून एकाही वहीत आलेला नाही.

तर असे उपक्रम सुचवा ज्यात मला चित्र येण्याची गरज नाही आणि प्रत्येकाचं काम वेगळं दिसेल. तास पाऊण तासाचा. सामान म्हणजे मेणखडू, थोडे पोस्टर कलर, पाठकोरे कागद, घोटीव कागद. कात्र्या मोजक्याच आहेत. यूट्यूबवर पाहिलं, पण तिथे सगळ्याला ग्लू गन आणि चमकी लागते.

प्रतिसाद १
ठशांपासून सुरुवात करा. खिचडीची भाजी चिरताना ताईंना सांगून भेंडीचे देठाकडचे तुकडे बाजूला ठेवा. जून भेंडी घ्या, कोवळी दबते. आडवी कापली की आयतं फूल मिळतं. कापल्यावर थोडा वेळ सुकू द्या, नाहीतर चिकट पाण्याने ठसा फरफटतो. अर्धा कांदा, दोडका, कणसाचं बुरकुंडं हे सगळं चालतं. बटाट्यावर आकार कोरायचा तर तो तुम्ही कोरा, आणि कापलेली बाजू फडक्याने पुसा.

मुख्य गोष्ट रंगाची. वाटीत पातळ रंग दिलात तर मुलं भेंडी बुचकळतात आणि कागदावर थारोळं होतं. ताटलीत ओल्या स्पंजचा किंवा घडी घातलेल्या सुती कापडाचा तुकडा ठेवा, त्यावर दाट रंग पसरा. शिक्क्याच्या पॅडसारखं. चौघांत एक ताटली, एका ताटलीत एकच रंग. गट जागा बदलतील, ताटल्या हलवायच्या नाहीत.

आणि 'भेंडीची फुलं काढा' असं म्हणू नका. आधी नुसते ठसे मारू द्या. वाळले की दुसऱ्या दिवशी तोच कागद परत द्या आणि विचारा, यात काय दिसतंय? मेणखडूने पाय, शेपूट, चाकं काय हवं ते जोडू दे. कुणाचं कासव होतं, कुणाचा ट्रॅक्टर.

प्रतिसाद २
कात्र्या नाहीत हे पहिलीसाठी बरंच आहे. कागद फाडायला लावा. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू फाडणं ही बोटांना उत्तम कसरत, लिहायलाही उपयोग होतो. घोटीव कागद, जुन्या लग्नपत्रिका, वर्तमानपत्राची रंगीत पानं. फाटलेली कड वेडीवाकडीच येते, त्यामुळे एकसारखं काम होणं शक्यच नाही. तुमचा सपाट माथ्याचा डोंगर फाडकामातच येईल बघा. मुलांना बाहेर नेऊन त्याच्याकडे बघत फाडायला सांगा.

चिकटवायला कणकेची खळ शिजवा. पूर्वी कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायचे, ते अजिबात नको, विषारी असतं.

प्रतिसाद ३
सरळ वारली घ्या. दोन त्रिकोण टोकाला टोक, झाला माणूस.

प्रतिसाद ४
वर सुचवलंय ते चांगलं आहे, पण वारली म्हणजे नुसते त्रिकोण नव्हेत. वारली लोकांत लग्नघरात सुवासिनी भिंतीवर चौक (लग्नाचं चौकोनी चित्र) लिहितात, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने आणि टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रांत माणसं सतत काहीतरी करत असतात. मासे धरणं, भात लावणं, तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याभोवती नाचणं. मुलांनाही तेच सांगा: आज सकाळी तुमच्या घरी कोण काय करत होतं ते दाखवा. बंबात लाकडं घालणारी आजी आली की झोपडी-नदी आपोआप मागे पडते. खाकी कागदाला गेरू फासून वाळवा, काडी पिठात बुडवा. माणूस फळ्यावर एकदाच दाखवा आणि पुसून टाका.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! भेंडीचे ठसे करून पाहिले. स्पंजची युक्ती एकदम लागू पडली. एकाने सगळा कागद ठशांनी भरून टाकला आणि 'ही यात्रा' म्हणाला, मग त्यात पाळणा काढून दिला. अजून दोन प्रश्न. ओले कागद वाळवायचे कुठे? पंखा लावला की उडतात आणि व्हरांड्यात जेवणाच्या पंगती बसतात. दुसरं, आठवड्यात एखादा तास बिनरंगाचा हवा, त्यासाठी काय?

प्रतिसाद १
वर्गात खिडकी ते खिडकी सुतळी बांधा आणि कपड्यांचे चिमटे लावा. रंग दाट असला तर ओघळत नाही.

बिनरंगाच्या तासाला पानांचे ठसे घ्या. पिंपळाचं किंवा जास्वंदीचं पान पालथं ठेवायचं, शिरा वर. त्यावर पातळ कागद, आणि मेणखडूचं वेष्टन काढून तो आडवा धरून घासायचा. पान फार ओलं किंवा फार वाळकं नको. हे जमलं की पाटीची चौकट, चपलेचा तळ, दप्तराची चेन, काय काय उमटतं ते शोधायला सोडा. पाऊण तास कुणी तुमच्याकडे येणार नाही.