शब्दचर्चा: 'कंडक्टिव्ह फ्लोअरिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

दुभाषी
विदर्भातल्या एका स्फोटकांच्या कारखान्यासाठी सुरक्षा-सूचनांचं मराठीकरण करतेय. कामगारांना वाटायची पुस्तिका आणि इमारतींच्या दारांवर लावायचे फलक, असं दोन्ही आहे. एक मजकूर वारंवार येतो: या इमारतीतलं फ्लोअरिंग कंडक्टिव्ह आहे, त्यावर मेण किंवा पॉलिश लावू नये, ठरलेल्या मुदतीत त्याची चाचणी घ्यावी. मी 'विद्युतवाहक फरशी' लिहिलं. तपासणाऱ्या गृहस्थांनी ते खोडून 'विद्युतरोधक फरशी' केलं आणि समासात शेरा मारला, "सुरक्षेसाठी जमीन वाहक कशी असेल? कामगार घाबरतील." फोन केला, तर म्हणाले की पॅनेलरूममध्ये आपण काळी रबरी मॅट टाकतो, ती रोधकच असते ना.
अर्थ मला ठाऊक आहे. घाबरवणार नाही आणि चुकीचाही नसेल असा शब्द हवाय.

जुना_मेगर
ताई, फलक छापायला गेला असेल तर आधी थांबवा. शब्दाचं मग बघू.

पॅनेलसमोरची मॅट आणि बारूद हाताळायच्या खोलीतली जमीन, दोघींची कामं उलटी. चुकून जिवंत तारेला हात लागलाच तर विजेला अंगातून जमिनीकडे वाट मिळू नये, म्हणून मॅट. स्फोटकांच्या इमारतीत भीती असते ती माणसाच्याच अंगावर साठणाऱ्या विजेची. कोरड्या हवेत चालताना, टेरिकॉटचा शर्ट घासला जाताना, खुर्चीतून उठताना काही हजार व्होल्ट सहज जमतात. साधारण तीन हजारांच्या खाली तर झटका जाणवतसुद्धा नाही. शरीराची धारिता (भार साठवायची क्षमता) १५० पिकोफॅरड धरा आणि दाब १०,००० व्होल्ट, साडेसात मिलिज्यूल ऊर्जा होते. पेट्रोलच्या वाफेला पाव मिलिज्यूलच्या आसपास पुरते, आणि डिटोनेटरमधलं लेड स्टिफनेट हे स्फोटक त्याहून कितीतरी नाजूक. म्हणून तो भार साठायच्या आत बुटातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगला गेला पाहिजे. तिथे रोधक जमीन टाकलीत तर आत येणारा प्रत्येक जण चालताबोलता कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा डबा, होतो.

आणि वाहक म्हणजे तांब्याच्या पत्र्याइतकी वाहकही नको. आम्ही जुनी अमेरिकी पद्धत पाळायचो. रोधाची वरची मर्यादा १० लाख ओहम, खालची २५,०००, आणि खोलीत २२० व्होल्टची लाइन असेल तर खालची ५०,०००. ही खालची मर्यादा त्या लाइनपासून माणसाला वाचवायला. २३० भागिले ५०,००० केलं की साडेचार मिलिअँपिअरच्या आसपास येतं. झटका बसेल, पण हात सुटेल.

परिभाषाप्रेमी
वरची माहिती उत्तम, पण प्रश्न शब्दाचा आहे. शालेय विज्ञानात सुवाहक-दुर्वाहक हे शब्द रुळलेले आहेत, इन्सुलेटरला 'विसंवाहक' आहे, रेझिस्टन्सला 'रोध'. मग गोंधळ कशाला? 'विद्युत-सुवाहक तलपृष्ठ' लिहावं. शास्त्रशुद्ध आणि निःसंदिग्ध.

वऱ्हाडी_पाहुणा
तलपृष्ठ 😀 दारावर 'तलपृष्ठ' वाचून कामगार जिना शोधत तळघरात जाईल.
आमच्या कारखान्यात हिंदी फलक आधी आले. त्यावर 'सुचालक फर्श'. म्हणजे हिंदीत जमीन चालक, मराठीत वाहक. एसटीत निदान दोघांना एकत्र ड्यूटी लावतात.

तिरफळ
मूळ प्रश्न बाजूला ठेवून विचारते, 'फरशी' का? आमच्याकडे ती 'लादी'. फरशी म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर शहाबादी येते.

जुना_मेगर
हे बाजूचं नाही, नेमकं आहे. फरशी म्हटलं की सुटे तुकडे आणि त्यांच्यामधले सांधे आले. स्फोटकांच्या इमारतीत सांधे शक्यतो टाळतात, कारण भेगेत पूड जाऊन बसते आणि वरून पाय घासला की संपलं. म्हणून एकसंध ओतलेली जमीन करतात आणि भिंतीलगत गोलाई देऊन वर चढवतात, म्हणजे कोपरा धुता येतो. आपल्याकडे बिटुमेन मॅस्टिकची, म्हणजे डांबरी मिश्रणाची, जमीन फार चालायची, अजूनही आहे. तिला वेगळं भारतीय मानकच आहे, आयएस ८३७४, सन १९७७ चं. त्याच्या नावातच दोन प्रकार वेगळे लिहिलेत: अँटी-स्टॅटिक (स्थितिक, म्हणजे साठून राहणाऱ्या, विजेविरुद्धचा) आणि विद्युतवाहक. मानकाने वेगळ्या ठेवलेल्या गोष्टी निविदा लिहिणारे मात्र मधे तिरकी रेघ मारून एकत्र करतात. मग ठेकेदार स्वस्तातली टाकून मोकळा.

चौकटराजा
ओतलेल्या जमिनीला मराठीत चांगला शब्द आहे की. कोबा! 'वाहक कोबा'.

परिभाषाप्रेमी
कोबा सिमेंटचा. इपॉक्सीच्या रासायनिक जमिनीला कोबा म्हणणं म्हणजे भाषेवर अत्याचार.

चौकटराजा
आमचा गवंडी इपॉक्सीलाही 'केमिकलचा कोबा' म्हणतो. अत्याचाराची फिर्याद त्याच्याकडे नोंदवा.

स्थितिक_पुणे
इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, आमचाही रोजचा संबंध याच जमिनीशी. 'अँटी-स्टॅटिक' हा शब्द बंदच केला पाहिजे. कुणी भार कमी निर्माण होणाऱ्या कापडाला म्हणतं, कुणी भार वाहून नेणाऱ्या जमिनीला, आणि गालिचे विकणारे वाटेल त्याला. आमच्या वर्गीकरणात १० लाख ओहमच्या खाली कंडक्टिव्ह आणि १० लाख ते १०० कोटी ओहम डिसिपेटिव्ह. दुसऱ्या प्रकारात भार जातो, पण सावकाश. सर्किट बोर्ड जोडायला ती चालते. प्राथमिक (म्हणजे जराशा ठिणगीने उडणारी) स्फोटकं भरायच्या खोलीत जुना_मेगर काका ती पास करणार नाहीत.
दुसऱ्या प्रकाराला आम्ही आपसांत 'विसर्जक' म्हणतो.

वऱ्हाडी_पाहुणा
विसर्जक जमीन! दहा दिवसांची की दीड दिवसाची?

चुकार_वाचक
'वाहक जमीन' असं कुणी लिहिणार असाल तर सावधान. आमच्या गावी 'जमीन वाहणे' म्हणजे कसणे, आणि 'वहितीची जमीन' सातबाऱ्यावर असते. तलाठी विचारेल, पीक काय घेता?
वाहक, वहिती, वाहन, वहाण, सगळी एकाच 'वह्' धातूची लेकरं. पायातल्या वहाणेतून वाहक जमिनीत वीज वाहते, हे भाषेला आधीच कळलं होतं.

परिभाषाप्रेमी
सुंदर आहे, पण वहाणेपुरतं खोटं आहे. वहाण संस्कृत 'उपानह्'वरून आली. त्यात धातू 'नह्', म्हणजे बांधणे. वाहनाशी तिचा संबंध एवढाच की ती असली तर वाहन लागत नाही.

चुकार_वाचक
उपानह्मधला 'उ' आणि 'प' कुठे गेले ते सांगा आधी.

परिभाषाप्रेमी
'प'चा 'व' झाला, सुरुवातीचा 'उ' गळला. प्राकृतात हे रोजचं आहे. दीप-दिवा, कूप-कुवा.

जुना_मेगर
वहाणेवरून आठवलं. नुसती जमीन वाहक करून भागत नाही. माणूस, मोजे, बूट, जमीन, अर्थिंग, एवढी साखळी आहे. कंडक्टिव्ह बूट असेल पण आत जाड नायलॉनचा मोजा असेल, तर साखळी तिथेच तुटली. पायाला घाम येतो म्हणून बुटात पावडर टाकणारेही असतात. त्वचा कोरडी पडते आणि रोध वाढतो. म्हणून सुती मोजे, पावडर नाही, आणि दाराशी टेस्टरवर उभं राहूनच आत जायचं. उलट इलेक्ट्रिशियनने जिवंत लाइनवर काम करताना हे बूट घालायचे नाहीत.
ताई, पुस्तिकेत एवढं येऊ द्या, मग शब्द कुठलाही वापरा.

दुभाषी
येईल. पण काका, 'शब्द कुठलाही' म्हणू नका, भांडण त्यावरच चाललंय. तपासनीसांनी आता तडजोड सुचवलीय: 'स्थितिकरोधक फरशी'. अँटी म्हणजे रोधक, असं त्यांचं म्हणणं.

स्थितिक_पुणे
नको नको. 'रोध' म्हणजे रेझिस्टन्स हे परिभाषाप्रेमींनीच वर सांगितलंय. 'रोधक' वाचून उद्या देखभालवाला रोध जास्त असलेली जमीन चांगली समजेल. त्याचा मेगर (रोध मोजायचं यंत्र) ५० मेगाओहम, म्हणजे ५ कोटी ओहम, दाखवेल आणि तो खुशीत बरोबरची खूण करेल. केबलचं इन्सुलेशन तपासताना आकडा जितका मोठा तितकं बरं, हीच सवय असते त्याच्या हाताला.

जुना_मेगर
हे मी पाहिलेलं आहे. कारखान्याचं नाव नको. नोंदवहीत सगळे आकडे 'उत्तम' होते, उलट्या अर्थाने.

डॉ_गुळवेल
जुन्या ऑपरेशन थिएटरांची जमीन आठवतेय कुणाला? काळी टेराझो (मोझेकसारखी घोटलेली) आणि त्यात पितळी पट्ट्यांची जाळी. भुलीसाठी वापरायचे ते ईथर आणि सायक्लोप्रोपेन ज्वालाग्राही, म्हणून ही तजवीज. १९५६ मध्ये हॅलोथेन आलं, पुढे न पेटणारी भूल रूढ झाली आणि त्या जमिनीचं काम संपलं. आमच्याकडच्या सिस्टर तिला 'काळी जमीन' म्हणायच्या. लिंबू-मिरची बांधावी इतक्या गांभीर्याने.

वऱ्हाडी_पाहुणा
काळी जमीन म्हणजे कापसाची! विदर्भातल्या फलकावर तर नकोच.

चौकटराजा
चाचणी म्हणजे नेमकं करतात काय? मेगरची दोन टोकं जमिनीला टेकवायची?

जुना_मेगर
टोकं टेकवून काही कळत नाही. साधारण सव्वादोन किलोची दोन वजनं घ्यायची, प्रत्येकाचा तळ अडीच इंच व्यासाचा. तळाला रबर आणि त्यावर धातूची पातळ फॉइल, म्हणजे खडबडीत जागीही नीट बसतं. दोन्ही वजनं तीन फुटांवर ठेवून मधला रोध मोजायचा, मग एक वजन आणि अर्थिंगचा बिंदू यांच्यामधला. खोलीत निदान पाच जागी, आणि जिथे माणसं उभी राहून काम करतात तिथे नक्की. जमीन आधी धुऊन पूर्ण कोरडी करायची. ओली मोजली तर पाण्याचा रोध मोजलात.
आमचा मेगर ५०० व्होल्टचा. म्हणून खोलीतून बारूद पूर्ण बाहेर काढल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. हे वाक्य फलकावर मोठ्या अक्षरात हवं.

स्थितिक_पुणे
आम्ही १० लाखांच्या खाली १० व्होल्टवर मोजतो आणि वर १०० व्होल्टवर. कार्बन घातलेल्या जमिनीला दाब बदलला की आकडाही बदलतो. तुमच्या ५०० वर पास झालेली जमीन आमच्या १० वर नापास होऊ शकते. त्यामुळे निविदेत नुसते '१० लाख ओहम' लिहिणं म्हणजे वाद विकत घेणं. दाब, इलेक्ट्रोड (म्हणजे ती वजनं) आणि हवेतली आर्द्रता, तिन्ही लिहावं.

जुना_मेगर
आर्द्रतेचं शंभर टक्के खरं. साध्या सिमेंटची जमीन पावसाळ्यात छान वाहते. तेव्हा मोजून प्रमाणपत्र घ्यायचं आणि जानेवारीत नागपूरच्या कोरड्या थंडीत देवाला हात जोडायचे. आणि मेणाचं पॉलिश! ते रोधक असतं. लाखो रुपयांच्या जमिनीवर सफाईवाल्याने चकाकी आणली की जमीन गेली. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मोडी_लिपीवाला
बारूद शब्द फारच ऐकू येतोय. आपला शब्द 'दारू'. दारूगोळा, दारूकाम, शोभेची दारू. मुंबईचा दारूखाना त्यावरूनच. बारूद हिंदीतून परत आलंय.

परिभाषाप्रेमी
दारू फारसी, बारूद तुर्की-फारसी वाटेवरचा, फरशीही तिकडचीच. शुद्ध काय उरलं? म्हणूनच 'तलपृष्ठ' म्हणत होतो.

तिरफळ
आणि लादी?

चुकार_वाचक
लादी पोर्तुगीज. लाद्रिल्हो म्हणजे टाइल, त्याची लादी.

परिभाषाप्रेमी
मग पावाची लादी कुठून आली? ती काय टाइल आहे?

तिरफळ
चौकोनी असते, ओळीने जोडलेली असते, वरून चकचकीत. टाइलच. आणि पावही पोर्तुगीजच.

दुभाषी
मंडळी, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. सध्या असं लिहिलंय: "या इमारतीची जमीन (कंडक्टिव्ह) तुमच्या अंगावरची वीज ओढून घेऊन अर्थिंगला देते. तिच्यावर मेण, पॉलिश, रबरी चटई, पुठ्ठा काहीही टाकू नका." शब्दाऐवजी वाक्यच घातलं. चालेल?

स्थितिक_पुणे
'ओढून घेऊन' काढा, लोहचुंबक वाटतं. 'जाऊ देते' करा. पुठ्ठ्याला मात्र +१.

वऱ्हाडी_पाहुणा
कंसातला इंग्रजी राहू द्या. सुपरवायझर तोच शब्द ओरडतो.

परिभाषाप्रेमी
कंसात 'विद्युतवाहक' हवं. मराठी फलकावर मराठी शब्द कंसातही मावत नसेल तर फलक हिंदीतच लावा.

जुना_मेगर
दोन्ही लिहा. आणि तपासनीसांना एकदा टेस्टरवर उभं करा, नायलॉनचे मोजे घालून.

चौकटराजा
पावाची लादी आणि फरशीची लादी यावर नवा धागा काढतोय. तिरफळताई, गोव्यात पावाला लादी म्हणतात का हो?

तिरफळ
नाही. आमचे पोदेर (पाववाले) सुटे पाव देतात. लादी मुंबईची.

चुकार_वाचक
म्हणजे पोर्तुगीज नाही!

तिरफळ
वसई विसरलात?