मदत हवी आहे: गोठ्यात हाताला धरून शिकवणारं कोणी मिळेल का?

नमस्कार मंडळी. संगमनेर तालुक्यात आमचा सहा एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन जातीच्या) गाईंचा मुक्त गोठा आहे, म्हणजे गाई बांधून न ठेवता मोकळ्या असतात. दीड वर्ष झालं. वडील शेती बघतात, गाईंचं सगळं माझ्याकडे.

दोन महिन्यांपासून दुधाला फॅट ३.६, ३.७ लागतंय, पण एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.२ च्या वर जाईना. डेअरीवाले दर फॅट ३.५, एसएनएफ ८.५ वर धरतात आणि कमी लागलं की कापतात, त्यामुळे पावती हातात घेतली की पोटात गोळा येतो. डॉक्टर म्हणतात खुराक वाढवा, खाद्यवाला म्हणतो मिनरल मिक्श्चर बदला (स्वतःचंच विकायचंय त्याला). त्यात एका गाईला दगडी (कासेची सूज) झाली. पहिल्या धारा काळ्या कपड्यावर काढून गुठळ्या बघायच्या असतात, हे मला तिचा एक सड बाद झाल्यावर कळलं! व्हिडिओ शंभर पाहिले, पण माझा मुरघास (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) मुठीत दाबून "यात पाणी जास्त राहिलंय, मक्याचा दाणा चिकात येण्याआधीच कापलास" असं सांगणारं माणूस जवळ नाही.

अकोले, राहाता, सिन्नर भागात दहा-पंधरा वर्षं गोठा केलेले कोणी दादा, ताई महिन्यातून एकदा चक्कर मारतील का? मीही तुमच्याकडे येऊन राबेन. तुमच्या गाईंच्या रेतनाच्या, विण्याच्या, आटवण्याच्या (विण्याआधी दूध बंद करण्याच्या) तारखा मोबाईलवर नीट लावून देईन, ते मला चांगलं जमतं.

असं कोणी केलंय का? पैसे द्यावेत की फक्त येण्याजाण्याचा खर्च? आणि गुरू एक सांगतो, डॉक्टर दुसरं, तेव्हा तुम्ही कोणाचं ऐकलंत?