सरळ रस्त्यावर पाय का उचलायचा?

बी-504: काल लेकाबरोबर फॉर्म्युला वन बघितली. वळण अजून लांब होतं, तरी ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर सोडला. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. हे काय नवीन? ताई, तुम्ही गाड्यांच्या कंपनीत आहात, जरा सांगा.

ए-203: काका, हे 2026 च्या नियमांमुळे. इंजिन तेच, 1.6 लिटरचं व्ही-6 टर्बो (टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा ढकलणारं यंत्र). पण त्याची ताकद साधारण 400 किलोवॅटवर उतरवली आणि इलेक्ट्रिक मोटरची 120 वरून 350 वर नेली. म्हणजे जवळजवळ निम्मा जोर विजेचा. लांब सरळ पट्ट्यावर ही बॅटरी बघता बघता संपते. मग ब्रेक मारताना भरायची आणि तेवढ्याने भागलं नाही तर पाय लवकर उचलायचा, गाडी मंदावतानाही ती भरते.

बी-504: ब्रेकवर का भागत नाही?

ए-203: इटलीतल्या मोंझासारख्या ट्रॅकवर जोरात ब्रेक मारायच्या जागाच मोजक्या. आणि टर्बोवरून वीज काढणारं एमजीयू-एच नावाचं यंत्र 2026 पासून बंद. खर्चिक आणि किचकट होतं ते, नव्या कंपन्या त्यालाच बिचकायच्या.

सी-101: पाय उचलणं नवीन नाही रे. 1984 मध्ये शर्यतीत मधेच पेट्रोल भरायला बंदी आली, टाकी 220 लिटरची. 1986 ला 195 केली. त्या वर्षी जर्मनीतल्या हॉकेनहाइमला शेवटच्या फेरीत ॲलन प्रोस्ट या ड्रायव्हरचं पेट्रोल संपलं, तर हा गडी खाली उतरून गाडी ढकलायला लागला! 1988 ला टर्बोवाल्यांना फक्त 150 लिटर. सगळे म्हणाले, टर्बो संपले. होंडाने कमी पेट्रोलवर चालणारं इंजिन केलं आणि ते बसवून मॅक्लारेन संघाने 16 पैकी 15 शर्यती मारल्या. वाचवून जोरात जाणं हीसुद्धा ड्रायव्हिंगचीच कला आहे.

बी-301: आजोबा, शर्यतीपुरतं मान्य. पण क्वालिफाइंगमध्ये नाही, म्हणजे शर्यतीत कोण कुठून सुरू करणार हे ठरवतात तिथे. तिथे सगळ्यात वेगवान एकच लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, धरतात, त्यात माणूस आणि गाडी किती जाऊ शकतात तेवढंच बघायचं असतं. त्या लॅपमध्येही बॅटरीचा हिशेब करत पाय उचलायचा असेल, तर सगळ्यात धाडसी ड्रायव्हरचं धाडस दिसणार कुठे?

ए-203: इथे मी तुझ्या बाजूने. नियम कागदावर लिहिताना सगळं दिसत नाही, 2022 आठव. पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेचा मागच्या गाडीला त्रास कमी व्हावा म्हणून तळाखाली बोगदे दिले. वेग वाढला की तळ जमिनीकडे ओढला जायचा, फट इतकी कमी व्हायची की हवाच तुंबायची, ओढ सुटून गाडी वर यायची आणि परत खाली. सेकंदाला कितीतरी वेळा. विंड टनेलमध्ये, म्हणजे मॉडेलवर वारा सोडून चाचणी करतात तिथे, हे दिसलंच नाही, कारण तिथे जास्तीत जास्त 60 टक्के आकाराचं मॉडेल आणि ताशी 180 किलोमीटरची मर्यादा. अझरबैजानमधल्या बाकूच्या शर्यतीत मर्सिडीजचा ड्रायव्हर हॅमिल्टन पाठ धरून कसाबसा बाहेर आला. त्यात गाडी जमिनीलगत ठेवायची म्हणून सस्पेन्शन दगडासारखं कडक, म्हणजे प्रत्येक दणका थेट मणक्यात. माझं काम सस्पेन्शनचंच, मला ते बघवत नव्हतं.

बी-301: आणि तेव्हा रेड बुल संघाचा डिझायनर असलेल्या एड्रियन न्यूईने कॉलेजचा प्रबंधच ग्राउंड इफेक्टवर, म्हणजे तळाखालच्या हवेच्या या ओढीवर, केला होता. रेड बुलची गाडी उगाच शांत नव्हती!

सी-101: मग पुढे काय केलं त्यांनी?

ए-203: त्याच हंगामात, बेल्जियमच्या शर्यतीपासून, गाडी किती उसळू शकते याला मर्यादा घातली. 2023 ला तळाच्या कडा 15 मिलिमीटर वर घेतल्या. आता 2026 ला ते मोठे बोगदेच गेले, तळ बराच सपाट झालाय. म्हणून म्हणते, क्वालिफाइंगच्या विजेचे आकडेही बदलता येतात. एका लॅपला किती वीज भरायची याची मर्यादा खाली आणली, तर ती भरायला पाय उचलायची गरजच कमी होते.

बी-504: पण मग वेग कमी होईल ना?

ए-203: होईल थोडा, काका. चालेल मला. ड्रायव्हर पूर्ण जोर लावतोय हे दिसलं पाहिजे.

बी-504: लेक विचारतोय, सरळ रस्त्यावर पुढचा पंखही का हलतो? आधी फक्त मागचा उघडायचा ना?

ए-203: बरोबर पकडलंय त्याने. आता दोन्ही आडवे होतात, हवेचा अडथळा कमी, वीज वाचते. एकटा मागचा उघडला असता तर गाडीचा तोल पुढे गेला असता. आणि आधी शर्यतीत पुढची गाडी एका सेकंदाच्या आत असेल तरच उघडता यायचा, आता ठरलेल्या पट्ट्यांवर सगळ्यांना मुभा आहे.