किराणा दुकानाची रोजची घडी कशी बसवावी? सल्ला हवा आहे

घाटमाथा_बेळगाव

नमस्कार. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, शिनोळीच्या हद्दीच्या अलीकडे, आमचे किराणा व भुसार मालाचे दुकान आहे. वडिलांनी ते अठ्ठावीस वर्षे चालवले. आता त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून पुण्यातील नोकरी सोडून मी जूनपासून गल्ल्यावर बसतो आहे. कामाला दोन मुले आहेत आणि आठवड्यातून एकदा रविवार पेठेतून माल भरतो. विक्री वाईट नाही. परंतु महिनाअखेरीस हातात नेमके काय उरले, हे मला सांगता येत नाही. वडिलांचा सगळा हिशेब तोंडपाठ होता, त्यामुळे लिहिलेले फारसे काहीच सापडत नाही. सकाळी दुकान उघडल्यापासून कोणती कामे कोणत्या क्रमाने करावीत, याविषयी अनुभवी दुकानदारांनी मार्गदर्शन करावे. आमची निम्मी गिऱ्हाइके चंदगड तालुक्यातील, म्हणजे महाराष्ट्रातील आहेत. त्यामुळे कराच्या दृष्टीने काही वेगळी काळजी घ्यावी लागते का, हेही कृपया सांगावे.

निपाणीकर_जुना

आपण सकाळपासून विचारले आहे. मी मात्र रात्रीपासून सुरुवात करतो, कारण आपली मुख्य अडचण तिथेच आहे. शटर अर्धे ओढल्यानंतरची वीस मिनिटे मी गेली एकतीस वर्षे कोणालाही दिलेली नाहीत.

सकाळी गल्ल्यात एक ठरावीक रक्कम सुट्ट्या पैशांसह ठेवावी. मी दोन हजार रुपये ठेवतो. रात्री रोख मोजून त्यातून ते दोन हजार वजा करावेत, आणि हमाली, टेम्पोचे भाडे, चहा, घरची भाजी असे दिवसभरात गल्ल्यातून जे गेले ते त्यात मिळवावे. त्यातून जुन्या उधारीची वसुली वजा केली की त्या दिवसाची रोख विक्री निघते. यूपीआयची रक्कम मोबाइलवर आलेले संदेश मोजून न काढता अ‍ॅपमधील दिवसाच्या बेरजेवरून घ्यावी, आणि तिसऱ्या ओळीत त्या दिवशी दिलेली नवी उधारी लिहावी. या तिन्हींची बेरीज बिलांच्या बेरजेशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर फरक आहे तसा रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, लिहावा. खिशातले पन्नास रुपये घालून मेळ जुळवण्याची सवय एकदा लागली की त्या वहीचा काही उपयोग राहत नाही. मी स्वतः हे पहिली दोन वर्षे केले आहे.

घरात जाणाऱ्या मालाचीही चिठ्ठी झालीच पाहिजे. गूळ, तेलाची पिशवी, पाहुण्यांसाठी नेलेली बिस्किटे यांची नोंद कोणी करत नाही, आणि मग विक्री चांगली असूनही पैसा कुठे गेला असा प्रश्न पडतो. मातोश्रींना चिठ्ठी लिहायला सांगणे अवघड वाटत असेल, तर दाराशी एक पाटी टांगून ठेवा. आमच्याकडे तेच चालते.

आता सकाळ. झाडलोट आणि दिवाबत्ती झाली की पहिले काम तराजूचे. मुद्रांकित केलेले एक किलोचे वजन काट्यावर ठेवून पाहावे. एकदा मी टेबल हलवले आणि काटा सपाट बसला आहे की नाही हे पाहायचे राहून गेले. पन्नास किलो साखरेच्या पोत्यातून एक किलोच्या एकोणपन्नासच पुड्या आणि वर मूठभर साखर निघू लागली, तेव्हा कुठे चूक लक्षात आली; म्हणजे प्रत्येक पुडीत सुमारे वीस ग्रॅम साखर जास्त जात होती. मापात पाप नको हे खरेच, पण हे पुण्यही परवडणारे नव्हते. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी आणि वजनांची दर दोन वर्षांनी पडताळणी करून घ्यावी लागते, त्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा.

त्यानंतर रोज दहा वस्तू मोजून वहीतील शिलकेशी ताडून पाहाव्यात. नवा माल मागे आणि जुना पुढे, हा नियम मुलांकडून पाळून घ्यावा. आपल्याकडे पाऊस भरपूर असल्याने पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत, आणि आषाढ-श्रावणात रवा, बेसन थोडेथोडेच भरावे. नाहीतर पोरकिडे होतात आणि गिऱ्हाईक ते पुडे सर्वांसमोर परत आणून देते.

शहापूरची_दुकानदारीण

काकांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे. फक्त रोज दहा वस्तू मोजणे दोन मुलांच्या दुकानात गणपतीच्या गर्दीत टिकत नाही, आणि एकदा खंड पडला की ते काम कायमचे सुटते. त्यापेक्षा तेलाचे डबे, काजू, चहा, तूप अशा पाचच महाग वस्तू रोज मोजाव्यात आणि बाकीच्या महिन्यातून एकदा. तूट बहुधा याच वस्तूंत येते.

दुसरे असे की डब्यांवर आणि दरपत्रकावर मराठीबरोबर कन्नडमध्येही नावे लिहा. जोंधळा आणि जोळ, तांदूळ आणि अक्की, साखर आणि सक्करे ही नावे मुलांनी वाचली की त्यांचीही भाषा सुधारते आणि वेगळाच माल बांधून देण्याचे प्रकार कमी होतात. दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड असण्याची अट आहे, तीही तपासून घ्यावी.

हिशेबनीस_टिळकवाडी

कराविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण हद्दीवरच्या दुकानांत नेमकी इथेच गफलत होते. केवळ मालाची विक्री असेल तर वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या पुढे गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते. परंतु आपण माल टेम्पोने चंदगडच्या गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवला, तर ती आंतरराज्य विक्री ठरते आणि मग उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची होते. कॉम्पोझिशन योजनेत, म्हणजे दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीवर १ टक्का कर भरण्याच्या सवलतीत असाल, तर अशी विक्री करताच येत नाही. गिऱ्हाईक स्वतः दुकानात येऊन माल घेऊन गेले, तर ती सर्वसाधारणपणे कर्नाटकातील विक्री समजली जाते. मात्र नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहिल्यास, २०२३ पासून विक्रीचे ठिकाण त्या पत्त्यावरून ठरते. त्यामुळे घरपोच सेवा सुरू करण्यापूर्वी आपल्या सल्लागाराशी अवश्य बोला.

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांच्या आधारे छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या होत्या. भावाने हातउसने परत केलेले पैसे आणि विक्रीचे पैसे एकाच क्यूआर कोडवर आले, तर ते वेगळे करून दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. दुकानासाठी स्वतंत्र बँक खाते ठेवा आणि निपाणीकरांनी सांगितलेला रोजमेळ जपून ठेवा. अशा वेळी तोच कामाला येतो.

घाटमाथा_बेळगाव

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही चंदगडच्या तीन घरी दर महिन्याला माल पोहोचवतो. ते तूर्त थांबवून आधी सल्लागाराला विचारतो. एक प्रश्न राहिला. आमच्याकडे बरीच गिऱ्हाइके रताळी विकल्यावर किंवा उसाचे बिल आल्यावर पैसे देतात, आणि कोणाकडे किती बाकी आहे हे फक्त वडिलांना माहीत आहे. उधारी एकदम बंद केली तर माणसे तुटतील.

निपाणीकर_जुना

बंद करू नका. आमच्याकडेही विडी कामगारांची उधारी आठवड्याची आणि ऊसवाल्यांची हंगामाची, अशी चालते. प्रत्येकाच्या हातात पैसा कधी येतो ते पाहून मुदत आणि मर्यादा ठरवली की वसुलीला वाद होत नाही. प्रत्येक उधार गिऱ्हाइकाला एक छोटी वही द्यावी आणि गिऱ्हाईक समोर उभे असतानाच दोन्हीकडे लिहावे. रात्री आठवून लिहिलेल्या उधारीवर भांडण ठरलेले. भवानीच्या, म्हणजे दिवसाच्या पहिल्या रोख विक्रीच्या, आधी उधार न देण्याचा वडिलांचा नियम असेल तर तोही चालू ठेवा, नकार द्यायला सोपा पडतो.

जुन्या बाकीसाठी वडिलांच्या शेजारी बसून रोज दहा नावे लिहून घ्या, आणि ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुकानात आले की वडील हजर असतानाच आकडा कबूल करून घ्या. एकदम सगळी नावे विचारू नका, ते कंटाळतील. पहिली दहा आज रात्रीच, जेवणाआधी.