तिसरीतली मुलगी, अंदाजपंचे वाचन आणि हातच्याची वजाबाकी

वैतागलेली_आई
मुलगी तिसरीत आहे. रोज संध्याकाळी वाचन आणि गणित घेऊन बसतो आणि अर्ध्या तासात दोघींपैकी कोणीतरी रडतं (गेल्या आठवड्यात मीच). वाचताना पहिलं अक्षर बघायचं आणि पुढचं ठोकून द्यायचं, 'पर्वत'चं 'परत', 'सूर्य'चं 'सुरी'. बेरीज मस्त येते पण हातच्याची वजाबाकी काढली की संपलं. काल ५२ वजा २७ चं उत्तर ३५. पाच वेळा समजावलं, सहाव्यांदाही ३५! पाढे घडाघडा म्हणते पण मधूनच सात आठे किती विचारलं की सात एके सातपासून गाडी सुरू. दोन वर्कबुकं आणलीत ती तशीच पडलीयत. वेळ वाढवू का?

गणितवाला_बाबा
अजिबात नका वाढवू, पंधरा मिनिटांवर आणा. आणि ३५ कसं आलं ते तिला विचारलंत का? दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन काढतेय, आले ५, मग पाचातून दोन, ३. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा. तिच्या हिशोबाने ती चुकतच नाहीये, मग तुम्ही तेच सहाव्यांदा सांगून काय होणार.

कागद बाजूला ठेवा. काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधा, पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या समोर ठेवून म्हणा मला २७ दे. सात सुट्ट्या नाहीत म्हटल्यावर ती आपणहून एक गठ्ठा सोडेल, चार गठ्ठे आणि बारा सुट्ट्या झाल्या. तेव्हाच शेजारी वहीत ५ खोडून ४ लिहायचं. आमच्या चिरंजीवांनी पहिल्या दिवशी पाचही गठ्ठे सोडून एक एक काडी मोजली, मोजू दिलं, तिसऱ्या दिवशी स्वतःच कंटाळला.

जोडाक्षर_ताई
वाचनाबद्दल लिहिते. तुमची दोन्ही उदाहरणं रफाराची आहेत बघा. रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर पण म्हणायचा त्या अक्षराच्या आधी, मुलांना हे विचित्रच वाटतं. पर् वत, सूर् य असं तोडून लिहून दाखवा. हा र बहुरूपी आहे, सूर्य, चक्र, राष्ट्र, तऱ्हा, चारही ठिकाणी वेगळा दिसतो, एका दिवशी एकच रूप घ्या. बाकी ती अडली की लगेच शब्द सांगू नका, मनात पाचपर्यंत मोजा. आणि एका पानावर पाच-सहा शब्दांना अडत असेल तर ते पुस्तक तुम्ही तिला वाचून दाखवायचं, तिला वाचायला त्याहून सोपं द्या, दुसरीचं असलं तरी चालेल. तोच परिच्छेद तीन दिवस वाचला तरी हरकत नाही, तिसऱ्या दिवशी स्पीड आपोआप येतो.

पाठांतर_समर्थक
काड्या वगैरे ठीक आहे पण पाढे पाठच हवेत, नाहीतर पुढे भागाकारात रडाल. फक्त एक करा, दहा बाय दहाचा तक्ता काढा, १०० घरं. सात आठे आणि आठ साते एकच, म्हणून जोड्या काढल्या की उरतात ५५. त्यातून १, २, ५ आणि १० चे सोपे खोडा, राहिले २१. रोज दोन कार्डं, उलटसुलट विचारायची, येतंय ते खोडायचं. आमच्याकडे सात आठे छप्पन्न सगळ्यात शेवटी गेलं.

वैतागलेली_आई
थँक्यू सगळ्यांना! काल काड्या काढल्या. २७ दे म्हटलं तर दोन गठ्ठे दिले, दोन सुट्ट्या दिल्या आणि माझ्याकडे बघत बसली, मग म्हणाली "पाच उधार" 😄 मी गप्प बसले (फार कठीण गेलं), दोन मिनिटांनी रबर काढलं तिने. वहीत मात्र आज परत ३५ च लिहिलंय. आणि ते ५ खोडून ४, तर तिला खाडाखोड आवडत नाही, बाई रागावतात म्हणे. तिथे काय करता तुम्ही?

गणितवाला_बाबा
रफ वहीत करू दे की बिनधास्त खाडाखोड. आणि "उधार" हा शब्द सोडू नका, कागदावर पण तोच वापरा, दशकाकडून उधार घेतलं म्हणा.