गेटजवळच्या अरेका पामवरच्या अळ्या

सावंत (सेक्रेटरी): गेटजवळच्या अरेका पामची पानं कुरतडलीत. फोटो टाकलाय. उद्या पेस्ट कंट्रोलवाला येतोय, त्याला तिथेही फवारायला सांगतो.

देसाई काकू: सांगाच! हिरवी अळी, पिवळे पट्टे, वर डोक्याला शिंगं. नातू हात लावायला निघाला होता.

ओंकार (बी-204): काकू, ती खाजरी नाही. पामफ्लाय फुलपाखराची अळी आहे, शास्त्रीय नाव एलिम्नियास. डोक्यावर दोन शिंगं, मागे दोन टोकं. माड, पोफळ, वेत, शोभेचे पाम यांवरच वाढते. तुमच्या गुलाबांना धोका नाही.

देसाई काकू: मग ठीक 😄

मयेकर काका: फोटो बघितला. पान फक्त कडेनं खाल्लंय. माडावरची ती काळ्या डोक्याची अळी असती तर पानाखाली जाळी नि विष्ठेची नळी केली असती, आत बसून हिरवं खरवडते. झावळ करपते. गेंडा भुंगा लागला तर नवी झावळ उलगडते तीच कात्रीने कापल्यासारखी. वाडीत आमचे पैसे या दोघांपायी जातात. शिंगवालीनं माड मेलेला मी तरी बघितला नाही.

सावंत: फुलपाखरू दिसतं कसं?

ओंकार: नर वरून काळपट, मागच्या पंखांची कड तांबूस. मादी नारिंगी, काळ्या रेघांची, थेट स्ट्राइप्ड टायगर नावाच्या दुसऱ्या फुलपाखराच्या सोंगात. टायगर रुईच्या कुळातल्या वेलींवर वाढतो, म्हणून पक्ष्यांना बेचव लागतो. हिला फुकटात संरक्षण! पंख मिटले की दोघंही मातकट. फुलांपेक्षा सडक्या फळांवर जास्त येतात.

देसाई काकू: अगंबाई, चिकूच्या सालींवर बसलेलं तेच की काय!

शिंदे (ए-101): सगळं खरं, पण ती झाडं शोभेसाठी लावलीत. येणाऱ्याजाणाऱ्याला फाटकी पानंच दिसतात.

मयेकर काका: मग चार पानं कापा ना. फवाऱ्यानं कोळी, गांधीलमाश्या, किडे खाणारे सगळेच मरतात. मग पिठ्या ढेकूण चढला की परत फवारा.

ओंकार: कापण्याआधी पान उलटं करून बघा. कोष हिरवा असतो, लाल-पिवळी नक्षी, खाली डोकं करून लटकलेला. असला तर ते पान ठेवा.

सावंत: बरं. फवारणी फक्त गटारं नि मीटर रूम. पानं माळी रविवारी काढेल.

शिंदे: माळ्याला कोष कोण दाखवणार?

ओंकार: मी येतो खाली. आठच्या आधी नको फक्त 🙏